बाप आणि मुलगा समोरासमोर : धाराशिव ते रोहिणखेड, १५९१

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव भैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वांना ठाऊक आहे. चैत्रात तेथे यात्रा भरते. ज्यांचे कुलदैवत भैरवनाथ, अशी घराणी दूरदूरहून येतात. याच तालुक्यात परंड्याचा भक्कम भुईकोट आहे आणि तो पाहणाऱ्याला एक प्रश्न पडतोच : या सपाट मुलखात एवढा किल्ला कोणाला, कशासाठी हवा होता?

उत्तर सरहद्दीत आहे. सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या मधली रेघ सीना आणि भीमा यांच्या खोऱ्यांतून जात असे. ती रेघ कधी स्थिर राहिली नाही. परंडा निजामशाहीकडे, नळदुर्ग आदिलशाहीकडे आणि सोलापूर कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. चांदबिबीचा अली आदिलशाहाशी विवाह झाला तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले गेले; म्हणजे लग्नाच्या यादीतही किल्ले असत. या पट्ट्यातील धाराशिव येथे १५९१ च्या सुमारास एक लढाई झाली, आणि तिच्या मागोमाग वऱ्हाडच्या घाटात दुसरी. दुसऱ्या लढाईने अहमदनगरची गादी कोणाची हे ठरवले. त्या गादीचे दोन दावेदार होते बाप आणि त्याचा सख्खा मुलगा.

वारसांच्या लढाया म्हटल्या की जगाच्या इतिहासात अलेक्झांडरच्या सेनापतींचे नाव प्रथम घेतले जाते. इ. स. पूर्व ३०१ मध्ये इप्सस येथे वृद्ध अँटिगोनस आणि त्याचा मुलगा डिमिट्रियस एका बाजूने लढले. समोर सेल्युकस आणि लिसिमाकस. सेल्युकसापाशी चंद्रगुप्त मौर्याकडून मिळालेल्या हत्तींपैकी सुमारे चारशे हत्ती होते. डिमिट्रियस शत्रूच्या घोडदळाचा पाठलाग करीत फार पुढे गेला, हत्तींनी त्याची परतीची वाट अडवली, आणि ऐंशी ओलांडलेला बाप मुलगा येईल या आशेवर रणांगणात उभा राहून भाल्यांखाली पडला. तेथे बाप मुलाची वाट पाहत मेला. अहमदनगरच्या कथेत बाप मुलावर चालून आला, आणि मुलाचे वय जेमतेम चौदा.

हे घडले कसे, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मुर्तजा निजामशाह १५६५ मध्ये गादीवर आला. त्याच्याच कारकिर्दीत १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकले गेले आणि राज्य सर्वांत मोठे झाले. पण पुढे त्याने दरबार सोडला, वर्षानुवर्षे एकांतात राहिला. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणू लागले. राज्य वजीर चालवीत. त्याचा धाकटा भाऊ बुऱ्हाण याने, राजा वेडा झाला आहे असे सांगत बंड केले. ते फसले. बुऱ्हाण प्रथम विजापुरास पळाला आणि शेवटी अकबराच्या आश्रयाला गेला. अकबराने त्याला मनसब दिली आणि वायव्य सरहद्दीकडे कामगिरीवर पाठवले. दख्खनचा शाहजादा अफगाण डोंगरांत चाकरी करू लागला. त्याचे दोन मुलगे, इब्राहिम आणि इस्माईल, मागे राहिले. त्यांना लोहगडावर कैदेत ठेवले होते.

इकडे मुर्तजाच्या मनात स्वतःच्याच मुलाविषयी, मीरान हुसेनविषयी, संशय शिरला. एका रात्री त्याने मुलाच्या बिछान्याला आग लावून दिली. मुलगा वाचला. १५८८ मध्ये त्याने बापाला हमामखान्यात कोंडले, दारे बंद करून खालून जाळ वाढवला आणि गुदमरवून मारले. दहा महिन्यांनी मीरान हुसेनचीही तीच गत झाली : ज्याच्या बळावर तो गादीवर आला त्या मिर्झाखान वजिराने त्याला पदच्युत केले आणि लोहगडावरून बुऱ्हाणचे दोन्ही मुलगे आणवले. थोरला इब्राहिम हबशी आईच्या पोटचा, वर्णाने काळा. म्हणून त्याला डावलून बारा वर्षांच्या इस्माईलच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यात आला. राजा निवडण्याची ही कसोटी होती.

या सगळ्यामागे दरबारातील एक जुनी फूट होती. इराण-तुराणातून आलेले ‘गरीब’ किंवा आफाकी एकीकडे. येथेच जन्मलेले दख्खनी मुसलमान आणि त्यांच्या सोबतीचे हबशी दुसरीकडे. बहमनी काळापासून हे दोन तट एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. मिर्झाखान आफाकी. त्याने राजा बदलला हे कळताच दख्खनी सैन्य आणि शहरातील जमाव किल्ल्याच्या दारी जमला आणि आपला राजा मागू लागला. मिर्झाखानाने मीरान हुसेनचे मुंडके उडवून ते बुरुजावरून दाखवले. राजा मेलेला पाहून जमाव पांगेल हा त्याचा हिशेब. झाले उलटे. जमावाने दरवाजा जाळला, आत घुसला, आणि पुढचे काही दिवस अहमदनगरात आफाकींची कत्तल चालली. फिरिश्ता मृतांचा आकडा सुमारे हजार सांगतो. मिर्झाखान पळाला, जुन्नरच्या बाजूला पकडला गेला आणि मारला गेला.

जमावाच्या अग्रभागी असलेला सरदार म्हणजे जमालखान. त्याने मिर्झाखानाने बसवलेला राजा मात्र तसाच राहू दिला. यात विसंगती नाही. बारा वर्षांचा राजा कोणत्याही पक्षाला सोयीचाच असतो.

जमालखान महदवी होता. जौनपूरच्या सय्यद महंमदाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपण महदी असल्याचे घोषित केले होते. १५०५ मध्ये तो वारला, पण गुजरात आणि दख्खनमध्ये त्याचे अनुयायी टिकले. साधी राहणी, संपत्तीचे समान वाटप, परस्परांसाठी प्राण देण्याची तयारी यांमुळे सैनिकांत हा पंथ विशेष रुजला. निजामशाहीचा राजधर्म १५३७ पासून, शाह ताहिरच्या प्रभावाने, शिया होता. जमालखानाने तो बदलून महदवी मत राजमान्य केले. हिजरी सनाचे सहस्रक तेव्हा जवळ येत होते : १५९१ च्या ऑक्टोबरात हिजरी १००० सुरू होणार होते. युग पालटणार या भावनेने त्या वर्षांत मुसलमानी जगात अनेक जण अस्वस्थ होते, आणि ज्यांच्या पंथाचा गाभाच महदीच्या आगमनाचा, त्यांच्या हाती अहमदनगरची सत्ता होती.

जमालखानाला केवळ धर्मवेडा ठरवणे सोपे आहे. बहुतेक साधनांचा सूर तसाच आहे. पण त्याचा मुख्य साक्षीदार कोण, हेही पाहावे लागते. महंमद कासिम फिरिश्ता हा अस्त्राबादचा, म्हणजे आफाकी. बापाबरोबर लहानपणी अहमदनगरास आला, मीरान हुसेनचा सहाध्यायी झाला, पुढे मुर्तजाच्या पहाऱ्यावरील अधिकारी. कत्तलीनंतर जमालखानाने उरलेल्या परदेशीयांना राज्याबाहेर काढले, त्यांत फिरिश्ताही होता. १५८९ मध्ये तो विजापुरास पोहोचला. ज्याने आपले घर आणि मित्र गमावले, तो जमालखानाविषयी समतोल लिहील ही अपेक्षा रास्त नाही. आणि तरी लढाईतील जमालखानाचे कर्तृत्व त्यालाही लपवता आले नाही.

ते कर्तृत्व लगेच दिसले. वऱ्हाडच्या सरदारांनी जुना वजीर सलाबतखान याला कैदेतून सोडवून अहमदनगरवर चाल केली, त्याच वेळी दक्षिणेकडून विजापूरचे सैन्य आले. जमालखानाने सलाबतखानाचा पैठणजवळ पराभव केला, मग विजापूरकरांना पैसा देऊन आणि मीरान हुसेनची विधवा, म्हणजे इब्राहिम आदिलशाहाची बहीण खदिजा, हिला सन्मानाने माहेरी धाडून तह केला. दोन शत्रू एकत्र येण्याआधी एकाला मोडायचे आणि दुसऱ्याला थोपवायचे, ही त्याची रीत.

ही वार्ता उत्तरेत गेली तेव्हा अकबराने बुऱ्हाणला बोलावून घेतले. दख्खनमध्ये शिरण्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्याने बुऱ्हाणला सैन्य देऊ केले. बुऱ्हाणने ते नाकारले. मोगल फौज बरोबर दिसली तर दख्खनी सरदार बिथरतील, आपण एकटे गेलो तर ते आपणहून येतील, असे त्याचे म्हणणे होते. अकबराने मानले, नर्मदेकाठचा हंडिया परगणा जहागीर दिला, आणि खानदेशाच्या राजा अलीखान फारुकीला मदतीविषयी लिहिले. बुऱ्हाणचे गणित त्या क्षणी तरी बरोबर होते. मोगलांच्या जोरावर मिळालेली गादी मोगलांची झाली असती.

पहिला प्रयत्न मात्र फसला. वऱ्हाडात शिरताच सरहद्दीवरच्या जहांगीरखान हबशीने त्याला पिटाळून लावले. तेव्हा राजा अलीखानाने विजापूरला सामील करून घेतले आणि दुहेरी चढाई ठरली : उत्तरेकडून बुऱ्हाण आणि खानदेशी फौज, दक्षिणेकडून आदिलशाही.

आता धाराशिव. आदिलशाही फौजेचा कारभारी दिलावरखान हबशी. राजा इब्राहिम आदिलशाह विशीत आलेला, पण सत्ता दिलावरखानाच्या मुठीत. राजालाही ते सलत होते. त्यांचा तळ नळदुर्गच्या बाजूला. दिलावरखान पुढे सरकला आणि जमालखान आपली जुनी रीत वापरीत आधी दक्षिणेकडेच वळला. धाराशिवजवळ दोन्ही सैन्ये भिडली. विजापूरच्या सरदारांत एकमत नव्हते. काहींना दिलावरखानाचा विजय हा आपला पराभवच वाटत होता. ते मनापासून लढले नाहीत. दिलावरखान सपशेल हरला आणि सुमारे तीनशे हत्ती जमालखानाच्या हाती पडले.

या लढाईत फिरिश्ता स्वतः होता. तो जखमी झाला, जमालखानाच्या लोकांच्या तावडीत सापडला आणि कसाबसा निसटला. दख्खनच्या इतिहासाचा सर्वांत वाचला गेलेला लेखक धाराशिवच्या शिवारात संपला असता तर आज या काळाविषयी कितीतरी कमी माहिती असती. ही गोष्ट जिल्ह्यातही फारशी कोणाला माहीत नसते.

धाराशिवच्या पराभवाचा लाभ झाला तो इब्राहिम आदिलशाहाला. कारभाऱ्याची अब्रू गेलेली पाहून त्याने छावणीतील नाराज सरदारांना जवळ केले आणि दिलावरखानाला झटकून टाकले. दिलावरखान पळाला. पुढे तो अहमदनगरच्या आश्रयाला जाऊन राहिला, विजापूरच्या गोड निरोपावर विश्वासून परतला, आणि त्याचे डोळे काढून त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात टाकण्यात आले.

जमालखानाला विजय उपभोगायला सवड मिळाली नाही. अवघ्या काही दिवसांत बातमी आली की वऱ्हाडचे सरदार बुऱ्हाणला जाऊन मिळाले. ज्या जहांगीरखानाने त्याला हाकलले होते तोही त्यांतच. त्यांच्या दृष्टीने हा फितुरीचा प्रश्नच नव्हता. इस्माईलचा हक्क ज्या रक्तातून येत होता, तो बाप जिवंत आणि समोर उभा असताना मुलाच्या नावाने लढायचे कशासाठी? जमालखानाची खरी अडचण हीच होती. त्याचा राजा खोटा नव्हता, फक्त घाईने गादीवर आलेला होता.

जमालखान उत्तरेकडे निघाला. धाराशिवापासून वऱ्हाडच्या घाटापर्यंत पल्ला मोठा, आणि दिवस वैशाखाचे. पाठीवर आदिलशाही हलके घोडदळ लागले. यांना फिरिश्ता ‘बर्गी’ म्हणतो. त्यांत मराठे मोठ्या संख्येने होते. समोरासमोर न लढता ते मागून-बाजूने येत, वैरण आणि धान्याचे तांडे अडवीत. पुढच्या शतकात मोगलांना ज्या गनिमी काव्याने जेरीस आणले त्याची ही आधीची, अजून परक्या झेंड्याखालची झलक. जमालखानाच्या सैन्यातून रोज माणसे गळू लागली. शेवटी उरले ते मुख्यतः त्याचे महदवी आणि धाराशिवचे हत्ती.

घाटाच्या सोप्या वाटा शत्रूने रोखल्या होत्या. त्याने अवघड वाट धरली. त्या वाटेवर पाणी तुटपुंजे होते. हत्ती-घोड्यांचे हाल झाले, आणि तहानलेले सैन्य विश्रांती न घेता लढाईला उभे राहिले. ठिकाण रोहिणखेड, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, खानदेश आणि वऱ्हाड यांच्यामधील वाटेवर. दीडशे वर्षांपूर्वी, १४३७ मध्ये, बहमनी आणि खानदेशी सैन्ये येथेच लढली होती. घाटाचे तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती वऱ्हाडची वाट. या गावात १५८२ मध्ये खुदावंतखान महदवीने बांधलेली देखणी दगडी मशीद आजही उभी आहे. म्हणजे जमालखानाचा शेवट आपल्याच पंथाच्या मशिदीच्या पंचक्रोशीत झाला.

हिजरी ९९९ चा रजब महिना चालू होता, सहस्रक उजाडायला पाच-सहा महिने बाकी. वर्णने सांगतात की जमालखानाचा पहिला हल्ला जोरदार होता आणि काही काळ पारडे त्याच्याकडे झुकले. इतके हाल सोसलेले सैन्य असे तडफेने लढते, यात महदवी निष्ठेचा वाटा मानावाच लागेल. मग बंदुकीची एक गोळी जमालखानाच्या कपाळात बसली. तो कोसळला आणि लढाई तेथेच संपली. राजा जिवंत होता, घोड्यावर होता, कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

याकूतखान आणि आणखी काही सरदारांनी इस्माईलला घेऊन पळ काढला. पाठलाग झाला, याकूतखानाचे शिर कापले गेले आणि मुलाला पकडून बापासमोर उभे केले. बाप परागंदा झाला तेव्हा हा मुलगा अगदी लहान होता. दोघांची ओळख असलीच तर नावापुरती. बुऱ्हाणने त्याला ठार केले नाही, कैदेत ठेवले. मुर्तजा आणि मीरान हुसेन यांच्यानंतर हा संयम लहान म्हणता येणार नाही.

अहमदनगरात बुऱ्हाण निजामशाह दुसरा गादीवर बसला. महदवी मत राजमान्यतेतून गेले, शिया मत परत आले, हाकललेले आफाकी परतू लागले. सय्यद अली तबातबाई याने त्याच्याच आश्रयाने ‘बुऱ्हाण-ए-मआसिर’ हा इतिहास लिहायला घेतला. अकबराने मात्र ज्या अपेक्षेने त्याला सोडले होते ती फोल ठरली. १५९१ मध्येच कवी फैजी मोगल वकील म्हणून दख्खनकडे निघाला. दोन वर्षांनी रिकाम्या हाताने परतला. गादी मिळाल्यावर बुऱ्हाणला ‘मांडलिक’ हा शब्द आठवेना. ज्यांनी मदत केली त्या विजापूरशीही त्याने लवकरच भांडण काढले, आणि १५९४ मध्ये चौलजवळ पोर्तुगिजांकडून मोठा मार खाल्ला. परदेशात वाट पाहण्यात वय घालवलेला हा राजा, हाती आलेली चार वर्षे त्याने शहाणपणाने वापरली असे म्हणवत नाही.

मुलगा जिवंत ठेवल्याचा परिणाम शेवटी समोर आलाच. १५९५ मध्ये बुऱ्हाण आजारी पडला आणि त्याने थोरल्या, पूर्वी रंगामुळे डावललेल्या, इब्राहिमला वारस नेमले. दख्खनी-हबशी पक्षाचा इखलासखान इस्माईलच्या नावाने उठला. बुऱ्हाण पालखीत पडून रणांगणावर गेला, इखलासखानाचा पराभव केला, आणि लगोलग मरण पावला. हरलेले बंडखोर पळाले ते परंड्याकडे. रोहिणखेडला मिटलेला वाद असा चार वर्षांनी पुन्हा सोनारीच्या शेजारी येऊन थांबला.

इब्राहिम त्याच वर्षी विजापूरकरांशी लढताना मारला गेला. मग एकाच वेळी चार राजे उभे राहिले : मियाँ मंजूचा अहमद, इखलासखानाने आणलेला मोती नावाचा पोर, आभंगखानाचा सत्तरीतला शाह अली, आणि चांदबिबीने धरलेला इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर. मियाँ मंजूने घाबरून मोगलांना हाक मारली. बुऱ्हाणने ज्यांची फौज बरोबर आणायचे नाकारले होते, त्यांनाच आता आमंत्रण गेले, आणि शाहजादा मुराद अहमदनगरच्या तटाखाली येऊन बसला. चांदबिबीने तो वेढा परतवला, वऱ्हाडची किंमत देऊन. १५९७ मध्ये सोनपेठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना राजा अलीखान पडला. तो फितला असे समजून मोगलांनीच त्याची छावणी लुटली. प्रेत सापडल्यावर खरे कळले.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. उरलेल्या सरदारांना गादीसाठी राजा हवा होता आणि राजासाठी सुरक्षित जागा. मलिक अंबरने म्हाताऱ्या शाह अलीचा मुलगा मुर्तजा याला निवडले आणि त्याला परंड्यात तख्तावर बसवले. सरहद्दीवरचा भुईकोट राजधानी झाला.